मेट्रोचं गेट, खिशातलं कार्ड आणि गेट नसलेली आपली लोकल

मरोळकर
न्यूयॉर्कच्या सबवेत मेट्रोकार्डाची विक्री २०२५ च्या अखेरीस बंद झाली. पिवळं, पातळ, गेटच्या खाचेतून सर्रकन ओढायचं कार्ड. १९९४ पासून ते हळूहळू टोकनच्या जागी आलं, आणि आता त्याच्या जागी टेकवायचं कार्ड, फोन किंवा सरळ बँकेचं कार्ड आलंय.

तिकडे एक टोकन १९५३ ते २००३ अशी पन्नास वर्षं चाललं. आपली वर्सोवा-घाटकोपर मेट्रो जून २०१४ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून मुंबईत टोकन, स्मार्टकार्ड, कागदी क्यूआर, व्हॉट्सॲपवरचं तिकीट, मुंबई १ कार्ड आणि ऑक्टोबर २०२५ पासून मुंबई वन ॲप, एवढं सगळं होऊन गेलं. गेट तेच, पण त्याला दाखवायची वस्तू दर दोन वर्षांनी नवी.

आता मुद्दा. गेटपाशी रांग लागली की आपण गेटला शिव्या घालतो. खरं तर रांग ठरते ती तुमचे पैसे कुठे ठेवलेत त्यावरून. त्याचे तीन प्रकार आहेत. एक, पैसे कार्डाच्या चिपमध्येच आहेत; गेट तिथल्या तिथे वाचतं, वजा करतं आणि उघडतं. दोन, पैसे खात्यात आहेत. गेट फक्त 'हा माणूस इथून आत गेला' एवढं नोंदवतं आणि हिशेब मागाहून होतो. तीन, पैसे आधीच दिलेत आणि हातात फक्त पुरावा आहे, म्हणजे क्यूआर. आपण मुंबईत पहिला आणि तिसरा प्रकार एकाच गेटवर चालवतोय, त्यामुळे कार्डवाला क्यूआरवाल्याच्या मागे अडकतो.

यावर लोकांचे अनुभव आणि मतं हवीत. विशेषतः हे काम प्रत्यक्ष केलेलं कोणी असेल तर. आणि दुसरा प्रश्न: लोकलला गेटं लावावीत का? माझं उत्तर 'नाही' असं आहे, कारण नंतर लिहितो.

आठ_सत्तावन
पहिल्या परिच्छेदापासूनच सहमत. क्यूआरवाल्यांचं एक समजत नाही. सरकत्या जिन्यावर फोन हातात असतो, रील बघत असतात. गेटसमोर आल्यावर मग ॲप उघडायचं, तिकीट शोधायचं, ब्राइटनेस वाढवायचा. मागे आम्ही उभे, कार्ड हातात घेऊन.

सुनीताताई_बोरिवली
अहो आठ सत्तावन, सगळ्यांकडे कार्ड नसतं. आणि कधी कधी ॲपच फिरत बसतं त्याला कोण काय करणार. माझ्याबरोबर एका भुयारी स्टेशनात झालंय, नेटवर्कच नव्हतं. शेवटी खिडकीवर जाऊन कागद घेतला.

मरोळकर
सुनीताताई, त्यावर एक साधा उपाय: तिकीट काढल्या काढल्या स्क्रीनशॉट नव्हे, ॲपमध्येच ते उघडून ठेवायचं आणि मग जिना उतरायचा. मेट्रो ३ च्या २७ स्टेशनांपैकी २६ जमिनीखाली आहेत, तेव्हा हा प्रश्न तिथे सुटेपर्यंत सगळ्यांनाच पडणार. तिकिटासाठी वायफाय दिलं गेलं, ते त्याच कारणाने. पण मुळात जे तिकीट दाखवायला नेटवर्क लागतं ते जमिनीखालच्या गाडीसाठी निवडणं हाच प्रकार मला अजब वाटतो. कार्डाला काहीच लागत नाही, बॅटरीसुद्धा नाही.

रात्रपाळी
हे काम केलंय, म्हणून लिहितो. कुठलं शहर आणि कुठली कंपनी ते विचारू नका.

आधी कार्डाचं. रीडरमधून १३.५६ मेगाहर्ट्झचं क्षेत्र सतत बाहेर पडत असतं. कार्ड तीन-चार सेंटिमीटरच्या आत आलं की त्यातल्या वेटोळ्याला त्याच क्षेत्रातून वीज मिळते, चिप जागी होते आणि बोलणं सुरू होतं. गेट आणि कार्ड आधी एकमेकांना किल्ली दाखवतात. ही किल्ली रीडरमध्ये एका वेगळ्या सुरक्षित चिपमध्ये असते, तिला आम्ही सॅम म्हणतो. मग शिल्लक वाचणं, प्रवेशाचं स्टेशन आणि वेळ लिहिणं, लिहिलेलं परत तपासणं. हे सगळं होईपर्यंत कार्ड तिथेच राहायला हवं. लोक काय करतात? चटकन टेकवून हात मागे ओढतात. लिहिणं अर्धवट राहतं आणि गेट लाल दाखवतं. मग तोच माणूस चिडून कार्ड रीडरवर आपटतो. आपटल्याने काही होत नाही, फक्त रीडरची काच ओरखडते.

कार्ड फोनच्या कव्हरमध्ये दुसऱ्या बँकेच्या कार्डाला चिकटून ठेवलं असेल तर दोन्ही चिपा एकदम बोलतात आणि रीडर गोंधळतो. लंडनमध्ये तर अशाने भलत्याच कार्डातून पैसे जायचे, त्याबद्दल स्टेशनांवर सूचना लावाव्या लागल्या.

क्यूआरचं काम सोपं वाटतं, पण तो कॅमेरा आहे. तडा गेलेली काच, अंधूक स्क्रीन, वरून पडणारा दिवा, घामाने भिजलेला कागद, सगळं त्याला छळतं. शिवाय एकच क्यूआर दोघांनी वापरू नये म्हणून गेटांना आपापसात 'हे वापरलं गेलं' हे ताबडतोब सांगावं लागतं.

आता गेट बसवणं. लोकांना वाटतं पेटी आणली, बोल्ट मारले, झालं. खरं काम फरशीखाली असतं. वीज आणि डेटाच्या केबल फरशीतल्या डक्टमधून येतात. नवं स्टेशन असेल तर डक्ट आधीच ठेवतात, पण ड्रॉइंगमधली जागा आणि प्रत्यक्षातली जागा दोन बोटं इकडेतिकडे झाली की ग्रॅनाइट कापा. चालू स्टेशनात गेटं बदलायची असतील तर शेवटची गाडी गेल्यापासून पहिली गाडी येईपर्यंतचे तास मिळतात. त्यातून स्वच्छता आणि सुरक्षा तपासणीचा वेळ वजा करा. एका वेळी अर्धी रांग बंद ठेवायची, उरलेली अर्धी चालू, कारण सकाळी माणसं येणारच.

सगळ्यात महत्त्वाची जोडणी आगीच्या अलार्मशी. अलार्म वाजला की सगळी गेटं आपोआप उघडी पडली पाहिजेत. वीज गेली तरी पाखं, म्हणजे वाट अडवणाऱ्या झडपा, आत ओढली गेली पाहिजेत, बंद राहून चालणार नाही. स्टेशन कंट्रोलरच्या खोलीत त्यासाठी वेगळं बटण असतं. हे तपासल्याशिवाय आम्ही कागदावर सही करत नाही.

आणि घड्याळ! प्रत्येक गेटचं घड्याळ सर्व्हरशी जुळलेलं हवं. एक गेट दहा मिनिटं पुढे असेल तर कोणी तरी बाहेर पडताना 'वेळेची मर्यादा संपली' म्हणून अडकणार, आणि त्याला वाटणार आपल्याला लुटलं.

आठ_सत्तावन
रात्रपाळी, साष्टांग. सर्व्हरशी कनेक्शन तुटलं तर?

रात्रपाळी
कार्डवाल्यांना कळतही नाही. गेट आपल्यापाशी नोंदी साठवतं आणि जोडणी आली की पाठवतं. बंद केलेल्या कार्डांची यादीही त्याच्यापाशी असते, फक्त ती थोडी शिळी असते. म्हणूनच कॉमन मोबिलिटी कार्डात, म्हणजे मुंबई १ सारख्या कार्डात, पैसे चिपवर ठेवले. चिपवर जास्तीत जास्त दोन हजार रुपये. तेवढं नुकसान कोणीही सोसू शकतं.

अनुस्वार
पण त्याच चिपमुळे एक डोकेदुखी आहे ना. ऑनलाइन रिचार्ज केलं तरी पैसे कार्डात येत नाहीत! आधी मशीनवर किंवा काउंटरवर कार्ड टेकवून ते 'उतरवून' घ्यावे लागतात. माझ्या सासूबाईंनी रिचार्ज केलं, मेसेज आला, गेटवर गेल्या तर लाल. त्या म्हणाल्या बँकेने खाल्ले. बँकेने नव्हते खाल्ले, वरच, म्हणजे सर्व्हरवर, अडकले होते. हे लोकांना समजावून सांगायचं कोणी? गेटवर फक्त 'शिल्लक अपुरी' येतं.

रात्रपाळी
बरोबर. पैसे चिपवर ठेवण्याची ती किंमत आहे. गेट वेगात चालतं, पण पैसे पोचवण्याची एक पायरी वाढते.

क्वीन्सकर
न्यूयॉर्कहून. इथे मराठी माणसं जॅक्सन हाइट्सच्या स्टेशनातून भाजीच्या पिशव्या घेऊन टेकवत जातात, तेव्हा थोडं इथलं सांगतो.

इथे टेकवायचे रीडर मे २०१९ मध्ये १६ स्टेशनांत सुरू झाले आणि २०२० च्या अखेरीस सगळ्या ४७२ स्टेशनांत पोचले. लक्षात घ्या, गेटं बदलली नाहीत. जुन्या फिरत्या दांड्याच्या टर्नस्टाइलवरच नवा रीडर बसवला, शेजारी कार्ड ओढायची खाच तशीच. दोन्ही व्यवस्था पाच वर्षं एकत्र चालवल्या. मूळ धाग्यात म्हटलंय तसं रांगेत मिश्रण इथेही होतं, पण ओढायच्या कार्डाचा त्रास इतका जुना होता की लोकांना टेकवणं म्हणजे सुटका वाटली. ते कार्ड ओढण्याचा एक ठराविक वेग असायचा. हळू ओढलं तर 'परत ओढा', जोरात ओढलं तरी 'परत ओढा'. मुंबईहून आलेला पाहुणा हमखास दांड्यावर पोट आपटायचा.

टोकनची गंमत ऐका. १९४८ पर्यंत भाडं पाच सेंट, मग दहा सेंट, म्हणजे एक नाणं टाकलं की झालं. १९५३ मध्ये पंधरा सेंट केलं. पंधरा सेंटचं नाणंच नाही, आणि यंत्र दोन नाणी घेईना. म्हणून टोकन आलं. भाडं किती असावं हे यंत्राच्या भोकावरून ठरत होतं म्हणा ना.

तुमच्याकडचं आणि इथलं यात एक मोठा फरक आहे जो मूळ धाग्यात आला नाही. इथे भाडं सरसकट एक. कुठेही जा, बाहेर पडताना काही टेकवायचं नाही. मुंबई मेट्रोत अंतरावर भाडं, म्हणजे आत जाताना एकदा आणि बाहेर येताना एकदा. गेटांवरचा भार सरळ दुप्पट.

मरोळकर
क्वीन्सकर, हा मुद्दा लाखमोलाचा. आणि बाहेर पडतानाचा टॅपच जास्त अवघड. आत येताना माणसं एकेक करून, आपापल्या वेळेला येतात. बाहेर पडताना गाडी रिकामी होते आणि सगळे एकदम जिन्यावर.

अंधेरीचा_राजा
म्हणूनच घाटकोपर आणि अंधेरी. बाकी स्टेशनांवर कोणाला रांग दिसते?

चाकांवरून
माझ्यासारख्यांसाठी थोडं. मी व्हीलचेअर वापरते. रुंद गेट रांगेत एकच असतं, बहुतेक कोपऱ्यात, कस्टमर केअरच्या खिडकीला लागून. ते चांगलंही आहे, कारण काही बिनसलं तर माणूस जवळ असतो. पण तेच गेट बॅगावाले, डिलिव्हरीवाले, लहान मुलाला कडेवर घेतलेले, आणि 'कोण रांगेत उभं राहणार' असे धडधाकट लोक वापरतात. आणि ते एक गेट बंद पडलं की मला दुसरं काही नाही. कर्मचारी मग बाजूचं छोटं दार उघडून देतात, तेव्हा माझा टॅप होत नाही, आणि दुसऱ्या टोकाला गेट मला ओळखत नाही. मग तिथे पुन्हा खिडकी.

नवीन गेटं लावताना मला एवढंच हवंय: रुंद गेटं दोन, आणि रीडर अशा उंचीला की बसून हात पोचेल. सगळे रीडर उजव्या हाताला असतात, डावखुऱ्यांना विचारा काय कसरत होते.

रात्रपाळी
ताई, दोन रुंद गेटांची मागणी अगदी योग्य आहे. अडचण जागेची असते, कारण रुंद गेट साधारण दीडपट जागा खातं आणि डिझाइनवाले रांगेत किती गेटं बसतात ते मोजतात. मिनिटाला किती माणसं जातात हे ते कागदावर मोजतात; एक व्हीलचेअर अडकली की तो कागद काय कामाचा, हे कोणी मोजत नाही. छोट्या दाराने सोडल्यावर टॅप करून घेण्यासाठी हातातलं यंत्र असतं. ते वापरायचं की नाही हे ज्याच्या त्याच्या सवयीवर आहे, ती खरी गफलत.

जपानी_चहा
सगळे न्यूयॉर्क-लंडन बोलतायत म्हणून. तोक्योत सुइका कार्ड नोव्हेंबर २००१ मध्ये आलं. तिथल्या रेल्वेची अट होती की एका गेटमधून मिनिटाला साठ माणसं गेली पाहिजेत, म्हणून कार्डाचं सगळं काम ०.२ सेकंदात. लंडनमध्ये बँकेच्या कार्डासाठी अर्धा सेकंद धरलाय. फरक ऐकायला क्षुल्लक, पण शिंजुकूसारख्या स्टेशनात त्याचीच गर्दी होते.

दुसरं, तिथली बरीचशी गेटं मुळात उघडीच असतात. टेकवलं नाही किंवा पैसे कमी पडले तरच पाखं बंद होतात. आपल्याकडे उलट: बंद असतं, पटलं तर उघडतं. उघडं गेट माणसाचा वेग मोडत नाही.

आणि रीडरचा उतार. सुरुवातीच्या चाचण्यांत लोकांना कार्ड कसं धरायचं कळेना, कोणी उभं धरायचं, कोणी हवेत फिरवायचं. शुंजी यामानाका या डिझायनरने प्रत्यक्ष माणसांवर प्रयोग करून रीडरचा पृष्ठभाग प्रवाशाच्या दिशेने साडेतेरा अंशांत तिरका केला आणि त्याला उजेड दिला. लोक आपोआप नीट टेकवू लागले. सूचनेची पाटी लावण्यापेक्षा हे बरं नाही का?

आठ_सत्तावन
आपल्याकडे पाटी लावतात, मग पाटीशेजारी सिक्युरिटीवाला उभा करतात आणि तो ओरडतो, 'इधर नहीं, इधर!'

विदाउट_तिकीट
नाव बघून गैरसमज नको, कॉलेजात पडलेलं नाव आहे. आता लोकलचं बोलू या का? मरोळकर, तुम्ही नको म्हणता. मी हो म्हणतो. फुकट्यांचं ओझं आपण पासवाले वाहतोय. एसी लोकलमध्ये साध्या पासवाले घुसतात, पहिल्या वर्गात तर विचारूच नका. टीसी गाठला तर अडीचशे रुपये आणि भाडं, नाही गाठला तर वर्षभर मजा. मेट्रोत कोणी विदाउट जात नाही, कारण गेट आहे. साधी गोष्ट.

मरोळकर
साधी नाही, म्हणून सविस्तर.

एक हिशेब मांडू. गर्दीच्या वेळी बारा डब्यांच्या लोकलमधून एका मोठ्या स्टेशनावर हजार माणसं उतरतात असं धरू, दादर-ठाण्याला हा आकडा फारसा वाढीव वाटणार नाही. गेट मिनिटाला तीस माणसं सोडतं असं धरू. दहा गेटं लावली तर तीनशे. म्हणजे एक गाडी बाहेर काढायला सव्वातीन मिनिटांहून जास्त. तोवर मागची गाडी आलेली असते, कारण ती तीन-चार मिनिटांवरच असते. आणि हे फक्त एका प्लॅटफॉर्मचं. अडलेली माणसं कुठे उभी राहणार? जिन्यावर आणि पुलावर. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगरून २३ माणसं गेली. तिथे गेट नव्हतं, पाऊस होता आणि अरुंद जिना होता. त्या जिन्याच्या पायथ्याशी गेट बसवा म्हणायला माझी जीभ वळत नाही.

शिवाय आपली स्टेशनं चारी बाजूंनी उघडी. पूर्व, पश्चिम, मधले पूल, महापालिकेचे पूल, प्लॅटफॉर्मच्या टोकाचा उतार, बाजारातून निघालेली वाट. गेट लावायचं तर आधी भिंत घालावी लागेल, आणि अर्धं शहर त्या पुलांवरून नुसतं रूळ ओलांडायला जातं.

विदाउट_तिकीट
म्हणजे करायचंच नाही काही?

मरोळकर
करायचं. बर्लिनच्या भुयारी रेल्वेला गेटं नाहीत, म्युनिकलाही नाहीत. तिकीट घ्या, शिक्का मारा, बसा. साध्या कपड्यातले तपासनीस अचानक येतात, सापडलात तर ६० युरो. लोकलची पद्धत मुळात तीच आहे, फक्त तपासणी पुरेशी होत नाही आणि दंड फार जुना आहे. तपासणी वाढवा, हातात वाचकयंत्र द्या, पास कार्डावर आणा म्हणजे खरा-खोटा एका टॅपमध्ये कळेल. गेटांपेक्षा स्वस्त पडेल.

क्वीन्सकर
विदाउटभाऊ, गेट असलं की फुकटे संपतात हा भ्रम इथे येऊन काढा. २०२३ मध्ये इथल्या वाहतूक प्राधिकरणाने नेमलेल्या समितीने सांगितलं की २०२२ मध्ये चुकवलेल्या भाड्याचा आणि पूल-बोगद्यांच्या टोलचा मिळून आकडा ६९ कोटी डॉलर. त्यातले सबवेचे साडेअठ्ठावीस कोटी. बसचे त्याहून जास्त! आणि सबवेत लोक दांड्यावरून उडी मारतात तेवढंच नाही, आणीबाणीचं दार कोणी तरी आतून ढकलतो आणि बाहेरचे दहा जण त्यातून आत शिरतात. आता उंच काचेची गेटं काही स्टेशनांत लावून बघतायत. सॅन फ्रान्सिस्कोच्या बार्ट या रेल्वेने तर सगळ्या ५० स्टेशनांत उंच गेटं २०२५ मध्ये लावून पूर्ण केली, नऊ कोटी डॉलरचं काम. तिथे लोक म्हणतात फरक पडला. पण तिथल्या एका गाडीतून दादरइतकी माणसं उतरत नाहीत.

अंधेरीचा_राजा
मेट्रोत पण एकाच्या पाठीला चिकटून दोघे जातात, डोळ्यांनी बघितलंय. नवरा-बायको तर हक्काने.

रात्रपाळी
गेटच्या आत इन्फ्रारेडच्या जोड्या असतात, त्या मोजतात. पण पाठीवरची बॅग आणि पाठीला चिकटलेला माणूस यातला फरक ओळखायला तडजोड करावी लागते. फार कडक ठेवलं तर बॅगवाल्यावर पाखं आपटतात. सैल ठेवलं तर नवरा-बायको निघून जातात. चाचणीच्या वेळी आम्ही छत्री, ट्रॉली बॅग, लहान मूल, साडीचा पदर सगळं घेऊन ये-जा करतो. बहुतेक ठिकाणी सैलच ठेवतात. कोणाला मार बसण्यापेक्षा वीस रुपये गेलेले परवडले.

अनुस्वार
लोकलच्या कूपनांची आठवण कोणाला आहे का? कूपन मशीनमध्ये घालून छापून घ्यायचं. तोच तर 'टॅप' होता. गेट नाही, फक्त शिक्का. मशीनची शाई संपलेली असायची हा भाग सोडा.

आठ_सत्तावन
आणि ते मशीन नेमकं ज्या पुलाने आपण चढतो त्याच्या दुसऱ्या टोकाला.

खाजगी_बाब
एका गोष्टीकडे कोणी बघत नाहीये. टोकनला तुम्ही कोण हे माहीत नव्हतं. खात्यावर चालणाऱ्या व्यवस्थेत रोज किती वाजता, कुठून कुठे, सगळी नोंद तुमच्या बँक कार्डाच्या किंवा फोननंबरच्या नावावर. ती किती वर्षं ठेवतात, कोण बघू शकतं, हे तिकिटाच्या अटींत शोधून दाखवा. मी अजून कागदी तिकीटच घेतो, रोख देऊन.

क्वीन्सकर
हा वाद इथेही झाला. आणि ज्यांच्याकडे बँकच नाही त्यांचाही. म्हणून रोखीने मिळणारं वेगळं कार्ड ठेवावं लागलं.

जपानी_चहा
सिंगापूरची गोष्ट यातच बसते. तिथल्या सरकारने ठरवलं होतं की जून २०२४ पासून चिपवर पैसे असलेली जुनी कार्डं प्रौढांसाठी बंद, सगळे खात्यावर. लोक भडकले. कारण काय? खात्यावरच्या कार्डात गेटवर शिल्लक दिसत नव्हती! वेग कमी झाला नव्हता, भाडं वाढलं नव्हतं. फक्त टेकवल्यावर 'किती कापले, किती उरले' हे दोन आकडे नाहीसे झाले. जानेवारी २०२४ मध्ये निर्णय मागे घेतला आणि जुनी व्यवस्था चालू ठेवायला चार कोटी सिंगापूर डॉलर खर्च करायचं ठरवलं.

मरोळकर
हे मला ठाऊक नव्हतं, आणि फार पटलं. मुंबईत तर शिल्लक दिसलीच पाहिजे. शेवटचे वीस रुपये उरलेत की नाही यावर इथे लोकांचा रिक्षा की चालत, हा निर्णय ठरतो.

माझी यादी मग अशी होते. गर्दीच्या स्टेशनांत काही गेटं फक्त कार्डाची ठेवा आणि वर मोठ्या अक्षरांत मराठीत तसं लिहा. क्यूआरसाठी वेगळी गेटं, आणि त्यांच्या अलीकडे फोन काढायला जागा. अपुरी शिल्लक आणि वर अडकलेली शिल्लक यासाठी गेटवर दोन वेगळे संदेश. चाकांवरून यांनी सांगितलेली दोन रुंद गेटं. लोकलला गेट नको, पण मेट्रोचंच कार्ड पास म्हणून चालू द्या. मुंबई वन ॲपमध्ये एका ठिकाणी तिकीट मिळतं हे चांगलं आहे, पण ॲप म्हणजे पुन्हा क्यूआर. कार्ड सगळीकडे, तपासणी सगळीकडे, गेट फक्त जिथे भिंत आधीच आहे तिथे.

विदाउट_तिकीट
तपासणीचं मान्य. पण एसी लोकलसाठी मी भांडणार. दारं बंद होणारी गाडी आहे, दाराशीच रीडर लावा.

रात्रपाळी
दाराशी रीडर म्हणजे गाडी थांबेल तीस सेकंद आणि त्यात दोनशे माणसं टेकवणार. करून बघा.

अंधेरीचा_राजा
😂

सुनीताताई_बोरिवली
इतकी चर्चा वाचून मला माझंच विचारायचंय. बाबा सत्तरीचे आहेत, दहिसरहून अंधेरीला डॉक्टरकडे जावं लागतं नेहमी. त्यांना फोनवरचं जमत नाही. कुठलं कार्ड घेऊ?

अनुस्वार
ताई, मुंबई १ कार्ड घ्या. मेट्रो २अ आणि ७ च्या स्टेशनांत काउंटरवर मिळतं. ६५ वर्षांवरच्यांना ४५ आणि ६० फेऱ्यांच्या मासिक पासवर २५ टक्के सवलत मे २०२३ पासून आहे, वयाचा पुरावा बरोबर न्या. पण फेऱ्या महिन्यात तेवढ्या होत नसतील तर साधं कार्डच ठेवा.

रात्रपाळी
आणि पैसे काउंटरवरच भरा, म्हणजे लगेच चिपवर उतरतात. बाबांना सांगा की बाहेर पडतानाही टेकवायचं आहे, हिरवा दिवा दिसेपर्यंत कार्ड उचलू नका. रुंद गेटने जाऊ द्या, पाखं तिथे जरा सावकाश बंद होतात.

सुनीताताई_बोरिवली
बरं. शनिवारी त्यांना घेऊनच जाते काउंटरवर, आधार कार्ड बरोबर ठेवते.